साडेचारची गोळी आणि पुढचे एकोणीस तास : पार्किन्सनच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातील एका मध्यम आकाराच्या विश्वस्त रुग्णालयात घडले. मी तेथे क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि या घटनाक्रमात माझाही हात आहे, चुकांतही आणि दुरुस्तीतही. रुग्णाची व कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधांच्या वेळा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सगळे प्रकरण त्या वेळांभोवतीच घडले.

रुग्णाला येथे काकू म्हणू. वय ७१, दांडिया बाजार भागातील जुन्या वाड्यात पती, मुलगा आणि सून यांच्यासोबत राहणाऱ्या, पार्किन्सनचे निदान होऊन नऊ वर्षे झालेल्या. घरात त्या काठीशिवाय हिंडत, सकाळची पूजा स्वतः करत आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येत. हे शक्य होते ते लेवोडोपा आणि कार्बिडोपा यांच्या मिश्र गोळीमुळे. सिंडोपा प्लसची एक गोळी सकाळी सहा, साडेनऊ, दुपारी एक, साडेचार आणि रात्री आठ अशी पाच वेळा, रात्री साडेदहाला हळूहळू विरघळणारी सीआर गोळी, दिवसातून तीनदा प्रामिपेक्सोल आणि सकाळी एक रासॅजिलिन, असा त्यांचा क्रम होता. या वेळा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला काकांनी लाल पेनाने लिहून ठेवल्या होत्या. महिना संपला की पान फाटे, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पुन्हा लिहीत.

काकांच्या या काटेकोरपणाला शास्त्रीय कारण आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी लेवोडोपापासून बनलेले डोपामिन साठवून पुरवून वापरतात, त्यामुळे एखादी गोळी उशिरा घेतली तरी फारसे जाणवत नाही. आजार जुना झाला की ही साठवण संपते, आणि रक्तात लेवोडोपा जेवढा वेळ असेल साधारण तेवढाच वेळ शरीर हलते. कार्बिडोपासोबत घेतलेल्या लेवोडोपाचे रक्तातील प्रमाण सुमारे दीड तासात निम्म्यावर येते. नवव्या वर्षीच्या रुग्णाला अर्ध्या तासाचा उशीर कळतो, आणि दोन तासांच्या उशिराने त्याचा घास घशात अडकू शकतो.

अडचण

एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काकू न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. सात वाजता त्या आमच्या कॅज्युअल्टीत होत्या. सुनेने येताना गोळ्यांची पिशवी आणि न्यूरोलॉजिस्टची फाइल आणली होती. ड्यूटी डॉक्टरांनी फाइल पाहून केसपेपरवर औषधे लिहिली, आणि पहिली खरी चूक तेथे झाली, जी त्या वेळी कोणालाच चूक वाटली नाही. त्यांनी लिहिले : सिंडोपा प्लस, एक गोळी, दिवसातून पाच वेळा.

हे चुकीचे नव्हते. औषध बरोबर, मात्रा बरोबर, संख्याही बरोबर. पण 'सहा, साडेनऊ, एक, साडेचार, आठ' यातून 'पाच वेळा' झाले तेव्हा वेळा गळून पडल्या. वॉर्डात सिस्टरने त्यावरून ट्रीटमेंट शीट भरले तेव्हा आमच्या छापील रकान्यांत सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ आणि रात्री दहा एवढ्याच वेळा होत्या. पाचवी गोळी कोठे बसवायची हे न कळल्याने तिने शेजारी प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह सोमवारपर्यंत तसेच राहिले.

आठची गोळी एक्स-रेच्या रांगेत हुकली. साडेनऊला वॉर्डात आल्यावर सुनेने पिशवी पुढे केली, तेव्हा बाहेरची औषधे द्यायची नाहीत असा नियम आहे, असे सांगून ती स्टेशनच्या कपाटात ठेवण्यात आली. साडेदहाची सीआर गोळी आमच्या औषधभांडारात नव्हती. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, गेले, पण रविवारी पुरवठा होत नाही. रात्री बारानंतर एनबीएम, म्हणजे तोंडाने काही नाही, असा आदेश होता, म्हणून सकाळी सहाची आणि साडेनऊची गोळीही दिली गेली नाही. अकराला ठरलेली शस्त्रक्रिया एका अपघाताच्या रुग्णामुळे पुढे सरकली.

रविवारी सकाळी नऊच्या नर्सिंग नोंदीत एक वाक्य आहे, जे मी पुढे अनेक प्रशिक्षण वर्गांत वाचून दाखवले : रुग्ण सहकार्य करत नाही, प्रश्नांना उत्तर देत नाही. घरचे लोक या अवस्थेला 'आई जखडल्या' म्हणत. सून सकाळपासून तेच सांगत होती, आधी मराठीत आणि मग गुजरातीत, पण वॉर्डात त्याचा अर्थ दुखण्यामुळे हलता येत नाही असा घेतला गेला. खुबा मोडलेला माणूस हलत नाही यात कोणाला नवल वाटणार? हाताची बोटेही हलत नाहीत, हे मात्र कोणी पाहिले नाही.

पहिला निर्णय : शस्त्रक्रियेआधीचा तास

पावणेबाराला भूलतज्ज्ञ तपासायला आल्या. त्यांनी काकूंचा हात उचलून सोडला, तर तो हवेतच राहिला. त्यांनी विचारले, "शेवटची सिंडोपा किती वाजता?" उत्तर काढायला दहा मिनिटे गेली, कारण ते शीटवर नव्हते. काकांनी सांगितले, काल साडेचारला. त्या क्षणी मला फोन आला.

समोर तीन मार्ग होते. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलायची, तोवर औषधे रुळावर आणायची. पण खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णाला अंथरुणात अधिक काळ ठेवणे स्वतःच धोक्याचे असते, आणि सोमवारची यादी आधीच भरलेली होती. दुसरा मार्ग, आहे त्या स्थितीत लगेच शस्त्रक्रिया करायची आणि गोळी नंतर द्यायची. सर्जनांचा कल इकडे होता, आणि त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ओटी, म्हणजे शस्त्रक्रियागृह, रिकामे झाले होते. तिसरा मार्ग, आत्ता एक नेहमीची गोळी घोटभर पाण्यासोबत देऊन तासभर थांबायचे.

एनबीएमचा अर्थ आमच्याकडे 'तोंडाने काहीच नाही' असा रूढ झाला आहे, आणि माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान या रूढीने केले. भूलशास्त्राच्या प्रचलित मार्गदर्शनानुसार स्वच्छ पाणी भुलेआधी दोन तासांपर्यंत चालते, आणि नेहमीची आवश्यक औषधे त्यानंतरही घोटभर पाण्यासोबत देतात. रक्तदाबाची गोळी आम्ही वर्षानुवर्षे अशीच देत आलो आहोत. लेवोडोपाला तोच न्याय लावण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते, एवढेच.

भूलतज्ज्ञांनी तिसरा मार्ग निवडला. गोळी देण्याआधी सिस्टरने चमच्याने पाणी पाजून गिळणे पाहिले. गिळायला वेळ लागला, पण ठसका लागला नाही. ठसका लागला असता तर गोळी कुटून पाण्यात मिसळून नाकातील नळीने द्यावी लागली असती. साध्या गोळीबाबत हे करता येते, सीआर गोळी मात्र कधीही कुटायची नसते, कारण मग तिचे हळू विरघळणेच संपते. हुकलेल्या चार गोळ्यांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम द्याव्यात का, असे मुलाने विचारले. आम्ही नाही म्हटले. शरीर आधीच उपाशी होते, दुप्पट मात्रेने रक्तदाब घसरण्याची आणि भास होण्याची भीती होती.

बारा वाजून दहा मिनिटांनी गोळी दिली. शेवटच्या गोळीनंतर एकोणीस तास चाळीस मिनिटांनी. सव्वा वाजता काकूंनी मूठ उघडली आणि सुनेला पहिला प्रश्न विचारला : "दिवा लावलास का गं?" दोन वाजता पाठीतून भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भुलेऐवजी हा प्रकार निवडण्याचे एक कारण हेच होते की रुग्ण शुद्धीवर राहतो आणि पुढची गोळी लवकर गिळू शकतो.

दुर्दैवाने तो फायदा आम्ही घालवला. शस्त्रक्रियेनंतरच्या छापील आदेशपत्रात 'तोंडी औषधे उद्यापासून' असा ठोकळा होता आणि साडेचारची गोळी त्याने अडवली. पाचला काकूंना उलटी झाली, आणि त्याच पत्रावरील दुसऱ्या ठोकळ्याप्रमाणे पेरिनॉर्म, म्हणजे मेटोक्लोप्रामाइड, टोचण्यात आले. हे औषध मेंदूतील डोपामिनचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे डोपामिन जेथे जाऊन काम करते त्या जागा, अडवते. एका बाजूने डोपामिनची गोळी थांबवली आणि दुसऱ्या बाजूने उरलेल्या डोपामिनचे दार बंद केले. सहा वाजता मी शीट पाहिले तेव्हा ते टोचून झाले होते. साडेचारची गोळी सहा वाजून वीस मिनिटांनी दिली आणि उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन लिहून घेतले. त्यानंतर मी घरी गेले. जाताना आठच्या गोळीबद्दल सिस्टरला सांगितले, पण लिहिले नाही. आठला पाळी बदलते.

दुसरा निर्णय : रविवारची रात्र

अकराला रात्रपाळीच्या सिस्टरचा फोन आला. काकू अंथरुणातून उठायचा प्रयत्न करत होत्या, सलाईनची नळी ओढत होत्या, आणि भिंतीजवळ कोणी लहान मुले उभी आहेत असे म्हणत होत्या. ड्यूटी डॉक्टरांनी फोनवर हॅलोपेरिडॉल, म्हणजे रुग्णाला शांत करण्याचे औषध, सांगितले होते. सिस्टरने ते भरून ठेवले होते, पण दिले नव्हते. फाइलच्या पहिल्या पानावर 'पार्किन्सन' हा शब्द पाहून तिला शंका आली होती, नेमकी कशाची ते तिला सांगता आले नाही. ती कामावर रुजू होऊन वर्षही झाले नव्हते. हॅलोपेरिडॉलही डोपामिनचेच ग्राहक अडवते, आणि पार्किन्सनच्या रुग्णाला त्याने दिवसचे दिवस जखडून ठेवता येते. तिच्या त्या संकोचाने काकूंना वाचवले, असे मी जबाबदारीने म्हणते.

काहीच न देणे हाही मार्ग नव्हता. नुकत्याच बसवलेल्या खुब्यासह काकू खाली पडल्या असत्या. हात बांधण्याची सूचनाही आली. काकांनी ती ऐकून एवढेच म्हटले, "तिला बांधू नका, मी बसतो." भास व अस्वस्थता कमी करणाऱ्या क्वेटियापिनची अगदी लहान मात्रा हा अशा रुग्णांत तुलनेने सुरक्षित पर्याय असतो, आणि तो आम्ही हाताशी ठेवला. पण आधी कारण शोधायचे ठरले. ड्यूटी डॉक्टर वर आले, आणि हे त्यांच्याविषयी नोंदवायला हवे, की त्यांनी आपला आदेश स्वतःच्या हाताने खोडला.

तपासल्यावर मूत्राशय तुडुंब भरलेले आढळले. नळी घातल्यावर सुमारे सातशे मिलिलीटर लघवी निघाली. आठची गोळी दिलेलीच नव्हती. ताप शंभरच्या थोडा वर होता. लेवोडोपा अचानक थांबल्यावर तीव्र ताठरपणा, खूप ताप आणि स्नायूंची झीज असा एक प्राणघातक विकार होऊ शकतो, म्हणून रक्तातील सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारे प्रथिन, पाहिले. ते वाढलेले होते, पण पडणे आणि शस्त्रक्रिया या दोन्हींनीही ते वाढतेच, त्यामुळे त्या आकड्यावरून ठाम काही म्हणता आले नाही. दर सहा तासांनी ताप आणि ताठरपणा पाहत राहायचे ठरले. गोळी अकरा वीसला दिली, चष्मा लावला, डोक्यावरचा एक दिवा चालू ठेवला. एक वाजता काकू झोपल्या. क्वेटियापिन लागले नाही.

माझी आणखी एक चूक सोमवारी सकाळी मलाच सापडली. दुखण्यासाठी शनिवारी रात्री आणि रविवारी रात्री ट्रॅमाडॉल दिले गेले होते. काकू रासॅजिलिन घेत होत्या, आणि ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत असे रासॅजिलिनच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. रासॅजिलिनचा परिणाम गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे टिकतो, म्हणून 'रविवारी ती गोळी दिलीच नव्हती' हा बचाव चालत नाही. लेवोडोपाच्या मागे धावताना बाकीचे शीट मी नीट वाचले नव्हते. रविवार रात्रीच्या गोंधळात ट्रॅमाडॉलचा वाटा किती, मूत्राशयाचा किती आणि हुकलेल्या गोळीचा किती, हे आता वेगळे करता येणार नाही. पुढे दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि भूलतज्ज्ञांनी दिलेला मांडीच्या नसेचा ब्लॉक (नसेजवळ टोचून तेवढा भाग बधिर करणे) यांवर भागले.

गोळ्या कोणाच्या ताब्यात

सोमवारी न्यूरोलॉजिस्टशी बोलून वेळांचे वेगळे शीट केले, काकांच्या कालनिर्णयाच्या फोटोवरून. खरा वाद झाला तो गोळ्या कोणाजवळ राहाव्यात यावर. मेट्रन म्हणत होत्या की औषधे सिस्टरच्याच हातून जायला हवीत, नाहीतर नोंद राहत नाही आणि उद्या दुहेरी मात्रा गेली तर उत्तर कोणी द्यायचे. मुलगा म्हणत होता की नऊ वर्षांत बाबांनी एक गोळी चुकवली नाही, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी चार चुकवल्या. दोघांचेही खरे होते. काका ७६ वर्षांचे होते आणि दोन रात्री जागलेले होते, हेही खरे होते.

या वादात सर्वजण रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांचा दाखला देत होते. मी ती मानके पुन्हा काढून वाचली. रुग्णाने बाहेरून आणलेली औषधे आणि रुग्णाने स्वतः औषध घेणे, यांविषयी रुग्णालयाची लेखी पद्धत असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. बंदी घाला असे तेथे म्हटलेले नाही. लेखी पद्धत ठरवण्याचा कंटाळा आम्ही नियमाच्या नावावर खपवत होतो.

तोडगा असा निघाला : गोळ्या मी तपासून, नाव व मुदत लिहून, काकूंच्या खाटेशेजारच्या कुलपाच्या खणात ठेवल्या; किल्ली सिस्टरकडे आणि काकांकडे; मोबाइलचा गजर काका लावणार, गोळी काका देणार, सिस्टर समोर उभी राहून वेळ लिहून सही करणार. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास अलीकडे किंवा पलीकडे एवढीच मुभा. ही मर्यादा आम्ही मनाने काढली नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने पार्किन्सनच्या २०१८ सालच्या गुणवत्ता मानकात रुग्णालयातील लेवोडोपासाठी तीच सांगितली आहे, आणि पार्किन्सन्स यूके ही संस्था त्याच्याही आधी, २००६ पासून, या एका मागणीसाठी मोहीम चालवत आली आहे.

वेळेवर, तरीही निष्प्रभ

बुधवारपर्यंत शीटवर सर्व वेळा पाळलेल्या दिसत होत्या आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. तेव्हा सून म्हणाली, "ताई, गोळी वेळेवर मिळते, पण सकाळची लागू पडत नाही." मी आधी ते तितकेसे मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला स्वतः जाऊन उभी राहिले तेव्हा दिसले की आहारतज्ज्ञांनी सुरू केलेले प्रथिनांचे दूध सव्वानऊला येते, आणि लोहाची गोळी त्याच दुधासोबत दिली जाते. प्रथिने पचून बनणारी काही अमिनो आम्ले आणि लेवोडोपा आतड्यात व मेंदूच्या दारात एकाच वाहकासाठी झगडतात. लोह लेवोडोपाला धरून ठेवते. घरी काकू गोळीनंतर पाऊण तासाने नाश्ता करत, पण कालनिर्णयावर फक्त गोळ्यांच्या वेळा होत्या, जेवणाच्या नव्हत्या. दूध सव्वादहाला आणि लोह दुपारी अडीचला सरकवले. दोन दिवसांत फिजिओथेरपिस्टने वॉकर धरून पहिली पाच पावले चालवली.

परिणाम

त्याआधीच, मंगळवारी, खोकला सुरू झाला होता. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे खालच्या भागात डाग होता. रविवारी जखडलेल्या अवस्थेत लाळ किंवा उलटी श्वासमार्गात गेली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. प्रतिजैविके सुरू झाली आणि पातळ पदार्थ घट्ट करून दिले जाऊ लागले. आठवड्याच्या आत घरी जाण्याची अपेक्षा असलेल्या काकू बाराव्या दिवशी घरी गेल्या, दोन माणसांच्या आधाराने. सहा आठवड्यांनी त्या वॉकरवर घरात चालत होत्या, पूजा बसून करत होत्या. देवळापर्यंत जाणे सुरू झाले नव्हते, आणि ते होईल असे आश्वासन मी दिले नाही.

काय वेगळे करता आले असते

कॅज्युअल्टीत 'कोणती औषधे' याच्या जोडीला 'शेवटची गोळी किती वाजता, पुढची किती वाजता' एवढे विचारले असते, तर आठची गोळी एक्स-रेच्या रांगेतच देता आली असती. पिशवी सुनेच्या मांडीवर होती. न्यूरोलॉजिस्टला शनिवारी रात्रीच फोन करायला हवा होता. काकूंना ओटीच्या यादीत पहिला क्रमांक मिळायला हवा होता, म्हणजे उपाशी राहण्याचा काळच लहान झाला असता. सर्जन आता हे मान्य करतात, अपघाताचा रुग्ण आल्यावर ते कसे पाळणार हे मात्र सांगत नाहीत. पेरिनॉर्म, स्टेमेटिल, फेनर्गन (तिन्ही उलटीवर देतात) आणि हॅलोपेरिडॉल ही नावे पार्किन्सनच्या रुग्णाच्या शीटवर लाल शाईने 'देऊ नये' म्हणून आता आधीच लिहिली जातात. छापील आदेशपत्रातील 'तोंडी औषधे उद्यापासून' हा ठोकळा काढायला चार महिने लागले, कारण जुन्या पत्रांचे गठ्ठे संपायचे होते.

कुटुंबाकडूनही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती, आणि ती मी संकोचानेच लिहिते. सुनेने पिशवी कपाटात जाऊ दिली, कारण रुग्णालयात सिस्टरशी वाद घालायचा नसतो असे तिला वाटत होते. डिस्चार्जच्या वेळी आम्ही काकांना एक पान दिले : औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा, टाळायच्या औषधांची नावे, न्यूरोलॉजिस्टचा क्रमांक, मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत. काकांनी ते घडी करून पाकिटात ठेवले आणि कालनिर्णयावर लिहिणेही चालू ठेवले.

रात्री आठची गोळी अजून सुटलेली नाही. पाळीबदलाच्या वेळी दोन्ही सिस्टर स्टेशनवर फाइली पाहत असतात आणि खाटेजवळ कोणी नसते. रुग्णाची वेळ आपल्या सोयीने साडेआठवर सरकवणे हा सोपा उपाय होता. तो आम्ही नाकारला. सध्या अशा रुग्णाची आठची गोळी दिवसपाळीची सिस्टर जाण्यापूर्वी पावणेआठला देते. त्याला दोघींनी हरकत घेतली आहे, कारण त्यांची शेवटची बस सव्वाआठची असते आणि गोळीनंतर रुग्ण नीट गिळतो का हे पाहण्यात दहा मिनिटे जातात. त्यांची पाळी पंधरा मिनिटे आधी सुरू करून आधी संपवावी, असा प्रस्ताव मेट्रनकडे आहे.